कोरी नळी

प्रशिक्षणवर्गात मी एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगत आलो आणि प्रत्येक वेळी खोटे बोललो. गोष्ट खरी होती, त्यातला माणूस तेवढा मी बदलला होता. "एका प्रयोगशाळेत एकदा एका रसायनतज्ज्ञाच्या हातून असे घडले," अशी सुरुवात मी करायचो, आणि समोरची तरुण मंडळी त्या अनाम माणसाच्या हलगर्जीपणावर माना हलवायची. त्यांच्याबरोबर मीही हलवायचो. ती प्रयोगशाळा लातूरची होती आणि तो रसायनतज्ज्ञ मी होतो.

या अंकासाठी लिहिण्याचा आग्रह झाला तेव्हा संपादकांनी सुचवले की युद्धवायूंविषयी लिहा, वाचकांना ज्याची धास्ती वाटते ते वाचायला आवडते. त्यांची सूचना मी मानतो. मात्र माझ्या आयुष्यातले विष कोणत्याही रणांगणावर सापडले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उमेदीची वर्षे मी उत्तरेकडच्या एका लष्करी प्रयोगशाळेत काढली. युद्धात वापरले जाऊ शकतील असे विषारी वायू आणि द्रव ओळखणे हे आमचे काम. बनवणे नव्हे, ओळखणे. हा फरक नातेवाइकांना कधीच पटला नाही. सुट्टीवर गावी, लोह्याला आलो की चुलती मला चुलीजवळ फिरकू देत नसे. ती गंमत होती की खरीच भीती, हे तिला विचारायचे राहून गेले.

हे काम तीन प्रश्नांचे असते. काही आहे का? असेल तर कोणत्या कुळातले? आणि त्या कुळातले नेमके कोण? पहिल्या प्रश्नासाठी सैनिकाच्या खिशात एक कागद असतो. त्यावर संशयित थेंब पडला की रंग उमटतो. मात्र हा कागद फार घाबरट. आमचे शिक्षक पहिल्याच दिवशी त्यावर लष्करी ट्रकचे ब्रेक ऑइल टाकून दाखवत आणि रंग उमटला की अत्यंत गंभीर चेहऱ्याने सगळ्या वर्गाला मुखवटे चढवायला लावत. उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात रबरी मुखवट्यात घामाने निथळत बसलेला माणूस तो धडा जन्मभर विसरत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी रासायनिक क्रिया लागतात. तिसऱ्यासाठी नमुन्यातले घटक काचेच्या पट्टीवर किंवा यंत्रात वेगळे करावे लागतात आणि ओळखीच्या पदार्थांशी ताडून पाहावे लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते आणि तेच सर्वांत कमी भरवशाचे असते. तिसऱ्याचे उत्तर सावकाश येते. वरिष्ठांना तिसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या वेळात हवे असते. माझ्या साऱ्या नोकरीचे सार या एका वाक्यात आहे.

यापैकी एक तपासणी जरा उलगडून सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला आणि तो पोचला की तो पुसून टाकणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, शरीरात असते. मज्जातंतूंवर चालणारी युद्धविषे, म्हणजे मज्जाविषे, या विकरालाच जखडून टाकतात. मग निरोप पुसला जात नाही, स्नायू आवळलेलाच राहतो आणि अखेर श्वास थांबतो. आम्ही याच गोष्टीचा उपयोग करून घ्यायचो. नळीत हे विकर घ्यायचे, त्यात संशयित नमुना घालायचा, थोडे थांबायचे आणि मग विकराला त्याचे नेहमीचे काम द्यायचे. काम झाले तर रंग बदलतो. बदलला नाही तर समजायचे की त्याचे हात कोणीतरी बांधले आहेत.

शेजारी आणखी एक नळी ठेवायची, जिच्यात नमुन्याऐवजी निव्वळ शुद्ध पाणी असते. हीच कोरी नळी. तिचा रंग बदललाच पाहिजे. आपले विकर जिवंत आहे याची ती साक्ष. तिच्याशिवाय दुसऱ्या नळीच्या बोलण्याला काहीही अर्थ नसतो.

कपाशीवर फवारायच्या औषधांपैकी कितीतरी औषधे या मज्जाविषांची भावकीच आहेत, ताकदीने कमी एवढेच. म्हणून लातूर नवा जिल्हा झाला, तिथे सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि मी गावाकडे परतण्यासाठी अर्ज केला, तेव्हा माझी विद्या वाया गेली नाही. शत्रू बदलला, नळ्या त्याच राहिल्या.

नव्या जिल्ह्यात सगळेच नवे होते आणि काहीच पुरेसे नव्हते. भाड्याच्या खोल्या, उसन्या खुर्च्या, दारावर मात्र घसघशीत पाटी. त्यात दुष्काळ. शुद्ध पाणी काढण्याच्या यंत्राला थंड करण्यासाठी सतत वाहते पाणी लागते, आणि नळाला तर आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी. आम्ही तेच पाणी बादलीत धरून पुन्हा वर ओतत असू. हे काम वीरभद्रकडे होते. तो आमचा प्रयोगशाळा परिचर, उदगीरचा, कपाळावर भस्म आणि जिभेवर तिखट. शुद्ध पाण्याची बाटली भरली की तो ती माझ्यापुढे ठेवून म्हणायचा, "घ्या साहेब, गंगा आली."

विकर विकत मागवले तर महिनोन्महिने येत नसे. म्हणून बैलाच्या रक्तातल्या लाल पेशींपासून आम्ही ते स्वतःच तयार करायचो. रक्त कत्तलखान्यातून आणायचे कामही वीरभद्रचेच. शाकाहारी घरातला तो माणूस थर्मास पदराआड लपवावा तसा सदऱ्याखाली लपवून आणायचा. "आईला बोलू नका साहेब. तिला वाटतंय मी दवाखान्याचं औषध आणून राहिलो," असे त्याने मला बजावले होते.

त्या काळात आमच्याकडे येणारी माणसेही और होती. एक गृहस्थ शेजाऱ्याने दिलेले लाडू तपासायला घेऊन आले. तपासणीपुरता एक ठेवून बाकीचे घरी न्या, असे सांगितल्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, चांगले निघाले तर हाही परत मिळेल ना? हदगावकडचा एक हवालदार शवविच्छेदनातल्या नमुन्याची सीलबंद बरणी मांडीवर घेऊन एसटीने आला होता. शेजारच्या बाईने त्यात काय आहे असे विचारल्यावर लोणचे आहे असे तो सांगून बसला आणि मग वाटभर तिने फोडीची चव मागू नये म्हणून झोपेचे सोंग घेत आला. अशा दिवसांत मला माझ्या कामाचा अभिमान वाटे. आजही वाटतो. माणसाचा संशय आम्ही नळीत घालत होतो आणि बहुतेक वेळा तो विरघळवून परत देत होतो.

आता त्या विहिरीकडे येतो.

देवणीच्या बाजूला एका गावात सगळ्या विहिरी आटल्या होत्या. एकच तग धरून होती, बौद्ध वस्तीतल्या किसनबापूंची. बापू तेव्हा साठीच्या आत-बाहेरचे. सार्वजनिक आडावर दूर थांबून कोणीतरी पाणी वाढेल याची वाट पाहण्यात त्यांचे लहानपण गेले होते. पुढे स्वतःच्या तुकड्यात त्यांनी विहीर खोदली, आणि दुष्काळाच्या त्या वर्षी सगळे गाव त्यांच्या बांधावर रांग लावू लागले. बापूंनी कोणाला अडवले नाही, कोणाला जुने काही बोलून दाखवले नाही. उलट, रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी त्यांनी बाज टाकून ठेवली होती.

त्या गावात एका बारशानंतर माणसे ओकाऱ्या आणि चकरांनी आजारी पडली. विहिरीत कोणीतरी फवारणीचे औषध ओतले, अशी आवई उठली. पाण्याचा नमुना जीपमधून लातूरला आला. जीप परत जायला दारात उभी, त्यात वरिष्ठांचे फोन. त्या आठवड्यात पाण्याअभावी कत्तलखाना बंद होता. विकराचा जुना साठा मी सकाळच्या कामात संपवला होता. त्याबरोबर कोरी नळीही लावली होती आणि तिचा रंग चोख बदलला होता. विहिरीच्या नमुन्यासाठी नवा साठा काढला. त्याचे रक्त वीरभद्रने गुरांच्या छावणीतून आणले होते. तिथल्या पशुवैद्यांनी एका देवणी जातीच्या बैलाचे काढून दिलेले.

मी कोरी नळी पुन्हा लावली नाही. सकाळची होतीच की. ज्याने आयुष्यात कधी नळी हाती धरली नाही त्याच्या हातून ही चूक होणार नाही. सवय झालेल्या माणसाच्याच हातून ती होते. विहिरीच्या नळीचा रंग बदलला नाही. काचेची पट्टी लावून दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारायला संध्याकाळ झाली असती. मी थांबलो नाही. पाण्यात कीटकनाशकाचा अंश दिसतो, असा अहवाल मी जीपच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी एका वेगळ्याच कामासाठी मी तेच विकर वापरले आणि या वेळी कोरी नळी लावली. तिचा रंग बदलला नाही. वीरभद्रने काढलेल्या त्या गंगेतही माझ्या तपासणीला विष सापडले. मग छावणीत फोन करून विचारले. गोचीड फार झाले म्हणून सगळी जनावरे औषधाच्या पाण्याने धुतली होती, रक्त काढायच्या आधीच. ते औषध त्याच भावकीतले. कातडीतून ते बैलाच्या अंगात उतरले होते आणि त्याच्या रक्तातले विकर माझ्या नळीत येण्यापूर्वीच जखडलेले होते. त्या विकराने मला जगातले कोणतेही पाणी विषारी दाखवले असते.

धावपळ करून मी दुसऱ्या जनावराचे रक्त मिळवले, कोऱ्या नळ्या लावल्या, काचेची पट्टीही लावली. विहिरीचे पाणी निर्मळ होते. माणसे शिळ्या जेवणाने आजारी पडली होती, हे दवाखान्यानेही पुढे सांगितले. मी नवा अहवाल पाठवला: फेरतपासणीत पाण्यात विष आढळले नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. पहिली तपासणीच सदोष होती, हे वाक्य मात्र त्यात नव्हते.

तोवर माझ्या पहिल्या अहवालावरून पोलिसांनी बापूंना एक रात्र चावडीत बसवून ठेवले होते. सुटल्यावर ते थेट लातूरला आले. धोतर, डोक्याला निळा रुमाल, हातात पाण्याने भरलेली कळशी. कळशी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"जय भीम साहेब," ते म्हणाले. भिंतीवरच्या तसबिरीवरून मीही त्यांच्यातलाच, हे त्यांनी ओळखले होते. "मी हेच पाणी पिऊन राहिलो रोज. मला तर कायबी झालं न्हाई."

मी सांगितले की आता काळजी नको, फेरतपासणीत पाणी चांगले निघाले आहे.

"मंग पयलं काय व्हतं?"

तिथे एक वाक्य बोलायला हवे होते. वीरभद्र दारात उभा होता. त्याला सारे माहीत होते. मी म्हणालो, "थोडा अंश असेल, निघून गेला असेल."

बापूंनी कळशी उचलली आणि ते निघून गेले. वीरभद्रने त्या दिवशी पाण्याची बाटली माझ्यापुढे मुकाट्याने ठेवली. गंगेचे नाव त्याने पुन्हा कधी घेतले नाही.

मी असा का वागलो, याचे उत्तर मी स्वतःला अनेक परींनी दिले आहे. त्यातल्या त्यात खरे असे: त्या खुर्चीवर बसलेला आमच्या वस्त्यांमधला मी पहिलाच होतो. मी चुकलो असे म्हटले तर ती चूक माझ्या एकट्याच्या नावावर राहणार नाही, असे मला वाटले. तशी कुजबुज मी इतरांच्या बाबतीत ऐकली होती. भीती खोटी नव्हती. पण तिची झळ ज्याने सोसली तोही त्याच वस्त्यांमधला होता, आणि त्याच्याकडे लपायला खुर्ची नव्हती. आधी विष होते आणि मग नाहीसे झाले, याचा गावाने काढलेला अर्थ सरळ होता: ज्याने टाकले त्यानेच उपसून काढले. रांग मोडली ती मोडलीच. लोक कोसभर लांब जाऊ लागले. ज्यांच्या मनात बौद्ध वस्तीतले पाणी पिण्याविषयी मुळातच अवघडलेपण होते, त्यांना तर माझ्या अहवालाने सरकारी सबब पुरवली.

त्यानंतर मी दोन कोऱ्या नळ्या लावू लागलो, एक कामाच्या सुरुवातीला आणि एक शेवटी. साठा बदलला की पुन्हा दोन. हा नियम हळूहळू आसपासच्या प्रयोगशाळांनी उचलला आणि माझ्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यामुळे किती निरपराध माणसे वाचली असतील, याचा विचार करताना मला अभिमान वाटतो आणि त्याच क्षणी मान खाली जाते.

नांदेडच्या भंगाराच्या दुकानातला प्रसंग त्याच नियमाचा. हमीदभाई नावाच्या भंगारवाल्याकडे एक गंजलेले लोखंडी नळकांडे आले. त्यातून हलका फुसफुस आवाज येत होता आणि घसा खवखवत होता. निजामाच्या फौजेने पुरून ठेवलेला युद्धवायू, अशी बातमी गल्लीभर पसरली. मला बोलावणे आले. मुखवटा चढवून मी पुढे जाणार तोच तरुण पोलीस अधिकारी म्हणाले, लवकर सांगा, वस्ती रिकामी करायची की नाही. मी खिशातला वायू ओळखायचा कागद काढून ओला केला आणि आधी रस्त्याच्या पलीकडे, मोकळ्या हवेत धरून उभा राहिलो. अधिकाऱ्यांना वाटले मी घाबरलो. हमीदभाई मला म्हणाले, "साहेब, हे फुटलं तर दुकान जाईल, अन् न्हाई फुटलं तर हे पोलीस मला फोडतील. तुम्ही तिकडं काय हवा खाऊन राहिले?"

कागद मोकळ्या हवेत पांढराच राहिला; ही माझी कोरी नळी. मग तो नळकांड्याजवळ नेला, तेव्हा निळा झाला. अमोनियात भिजवलेला बोळा गळतीपाशी धरला, तेव्हा पांढरा धूर निघाला. तो क्लोरीन होता. पहिल्या महायुद्धात खंदकांतली माणसे ज्याने गुदमरली तो वायू, आणि तोच आपण पिण्याच्या पाण्यात जंतू मारायला घालतो. कुठल्यातरी जुन्या जलशुद्धीकरण केंद्रातून ते नळकांडे टाकून दिलेले होते. वाऱ्याच्या दिशेची चार घरे तेवढी हलवली, नळकांडे चुन्याच्या निवळीत बुडवले आणि सगळ्या गल्लीची पळापळ वाचली. हमीदभाईंनी चहा पाजला. युद्धवायू ओळखण्याच्या साऱ्या शिक्षणाचे चीज झालेला माझ्या नोकरीतला हा सर्वांत झळाळता दिवस. परतीच्या गाडीत मला ती कळशी आठवत होती.

हा प्रसंग मी वर्गात माझ्या नावाने सांगायचो आणि विहिरीचा त्या अनाम रसायनतज्ज्ञाच्या नावाने. गेल्या वर्षीच्या वर्गात अनुराधा नावाची उदगीरची एक नवी रसायनतज्ज्ञ पहिल्या बाकावर होती. गोष्ट संपल्यावर सगळ्यांनी नियम उतरवून घेतला. तिने लेखणी खाली ठेवली.

"सर, मग त्या विहिरीवाल्याला कुणी सांगितलं का?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, "नाही." तिने पुन्हा विचारले, तो माणूस आहे का अजून? मी म्हणालो की मला ठाऊक नाही. आणि हे सांगताना मला जाणवले की ठाऊक करून घेण्याचे मी कसोशीने टाळत आलो होतो.

पुढच्या रविवारी मी एसटीने त्या गावी गेलो. फाट्यावर उतरून किसनबापूंची विहीर विचारली, तर गुरे वळणाऱ्या बाईने सहज विचारले, "इखाची हीर का?" इखाची, म्हणजे विषाची; विहिरीला तेच नाव कायमचे चिकटले होते. ते कोणी पाडले, हे त्या बाईला माहीत नव्हते.

बापू होते. दृष्टी मंदावलेली, आवाज तसाच. त्याच बाजेवर बसले होते. मी नाव सांगितले. त्यांनी पाणी मागवले, मी प्यालो. मग सगळे सांगितले: बैल, गोचिडाचे औषध, न लावलेली कोरी नळी, आणि टेबलासमोर त्यांना दिलेले ते उत्तर. मी त्यांच्या पायांकडे वाकलो, तेव्हा त्यांनी माझे खांदे धरून मला थांबवले.

"मला एकट्याला सांगून काय उपेग साहेब? पाण्यात इख न्हाई, हे मला ठावच व्हतं. मी पीत व्हतो की. ज्यायला ठाव न्हाई त्यायला सांगा."

काठी घेऊन ते उठले आणि माझ्या दंडाला धरून मला पारापाशी घेऊन आले. सायंकाळची वेळ होती. बसथांब्याजवळच्या हॉटेलातली माणसे, दुधाच्या किटल्या घेऊन निघालेल्या बाया, पारावरचे म्हातारे. हे कोण आणलेत, असे कोणीतरी विचारले. "लातूरचे साहेब हायेत," बापू म्हणाले. "त्यायनीच पाणी तपासलं व्हतं. ऐका जरा."

बापूंनी दंडावरचा हात काढला नव्हता. मी हात जोडले आणि म्हणालो:

"दुष्काळात तुमच्या गावच्या विहिरीत विष आहे असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. विष विहिरीत नव्हतं, मी तपासायला वापरलेल्या औषधात होतं, आणि ते मला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. समजूनही मी गप्प बसलो. किसनबापूंनी मला तोंडावर विचारलं, तेव्हाही मी खोटं बोललो. या माणसानं पाण्यात काही टाकलं नव्हतं, काही उपसलं नव्हतं. त्यानं तुम्हाला पाणी दिलं होतं. बापू, तुमच्या विहिरीला जे नाव पडलं ते माझं आहे, तुमचं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."